बन्सी औटींचं नाक

पारनेर तालुक्यात नाकानं कांदे सोलणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. बन्सी औटींचं नाक मात्र खरोखरच कांद्याच्या कामाचं होतं.

उन्हाळी कांदा निघाला की शेतकरी तो चाळीत भरतो. वर पत्रे, बाजूंना फटीफटींच्या भिंती, खालून वारा खेळावा म्हणून हातभर उचललेला तळ. चांगला भाव येईपर्यंत माल तिथं पडून राहतो आणि मालकाच्या जिवाला घोर लागून राहतो. कारण वरून सगळं लाल, खडखडीत दिसत असतं आणि आत बुडाशी एखाद्या कांद्याला पाणी सुटलेलं असतं. तो शेजारच्याला नासवतो, शेजारचा पुढच्याला. बाहेर कळतं तेव्हा निम्मी चाळ हातची गेलेली असते. चाळ फोडून माल बाजारात न्यावा की अजून थोडं थांबावं, हे सांगायला लोक बन्सीभाऊंना बोलवायचे. भाऊ यायचे, चहा घ्यायचे, मग टोपी काढून चाळीच्या बुडाशी बसायचे आणि फटीला नाक लावून डोळे मिटायचे. असं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. शेवटी उठून लेंग्याची माती झटकत एवढंच सांगायचे, "राहू द्या", नाहीतर "फोडा". कारण विचारलं तर नुसते हसायचे.

या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. घेतला तो मान. शाळा सातवीपर्यंत, जमीन कोरडवाहू, बोलणं तुटक. चारचौघांत उठून दिसावं असं त्या माणसात काही नव्हतं. पण श्रावण लागला की त्यांच्या दारात मोटारसायकली उभ्या राहायच्या, लग्नात त्यांना पुढची खुर्ची मिळायची. माणसाला जगायला एवढं पुरतं. निदान बन्सीभाऊंना पुरत होतं.

हे नाक करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. ताप आला, अंग मोडून पडलं, घरातल्या घरातच भाऊ बरे झाले. बाकीच्यांचे चव-वास हळूहळू परत आले, यांचे आलेच नाहीत. लसूण ठेचून हुंगला, निलगिरीचं तेल हुंगलं, म्हशीचं शेणसुद्धा नाकापाशी धरून पाहिलं. नुसता वारा आत जायचा आणि बाहेर यायचा. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आज सांगू, उद्या सांगू, तोवर येईलच परत, असं करता करता श्रावण लागला आणि दारात पहिली मोटारसायकल उभी राहिली.

त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मालकाच्या घरी पोचल्यावर चाळीकडे जायला धीर होईना, म्हणून त्यांनी चहा लांबवला. बोलायला घरातली म्हातारी तेवढी होती, तर तिच्याशीच काहीबाही बोलत बसले. बोलता बोलता ती म्हणाली की आठवडाभर झाला, खाट चाळीच्या या अंगाला ओढून घेतलीय, पल्याड चिलटं लई झालीत. भाऊंनी कप खाली ठेवला. चाळीपाशी गेले, नाक लावलं, डोळे मिटले, सगळा देखावा यथासांग केला आणि पल्याडच्या टोकाला बोट दाखवून म्हणाले, "फोडा". तिथं खरोखरच पाणी सुटलेलं निघालं. मालकानं पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

तेव्हापासून भाऊंचा चहा लांबत गेला. लोक म्हणाले, भाऊ म्हातारपणी बोलके झाले. भाऊंच्या मनात मात्र एक बोच राहिली. आपण चोरी करतोय, दुसऱ्याच्या तोंडचं काढून आपल्या नाकाच्या नावावर खपवतोय, असं त्यांना प्रत्येक चाळीपाशी वाटायचं. आणि एक दिवस हे उघडं पडणार, ही भीती.

तो दिवस स्कूटीवर बसून आला. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीचा अध्यक्ष हनुमंत पठारे मोठा उत्साही माणूस. त्याच्या डोक्यात आलं की जुनी जाणती माणसं आहेत तोवर त्यांचं ज्ञान नोंदवून घ्यावं आणि पोरांना शिकवावं. त्यासाठी त्यानं नगरहून, सावेडीहून, ग्रेस भिंगारदिवे नावाच्या बाईंना आणलं. जाणत्या माणसाकडून त्याचं काम काढून घेऊन लिहिणं हाच त्यांचा धंदा. याआधी त्यांनी विहिरी बांधणाऱ्या गवंड्यांचं लिहिलं होतं, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांचं लिहिलं होतं. पहिलं नाव अर्थातच बन्सीभाऊंचं निघालं.

"भाऊ, तुमचं नाक अमर करून टाकतो," हनुमंत म्हणाला.

भाऊ हसले.

पहिल्या बैठकीला त्यांनी तयारी करून ठेवली होती. चाळीला हवा कशी हवी, कांदा किती वाळवावा, रास किती उंच करावी, असं शेतकरी मेळाव्यात ऐकलेलं सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. ग्रेसताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. एक शब्दही लिहिला नाही.

"ताई, लिवून न्हाई घेतलं?"

"हे छापील आहे काका, मला कुठंही मिळेल." त्या हसून म्हणाल्या. "तुम्हाला दोष नाही देत. कुणालाही विचारा, तू कसं करतोस, तर माणूस कसं करायला पाहिजे ते सांगतो. खोटं बोलत नाही तो. स्वतः काय करतो ते त्यालाही नीट माहीत नसतं. म्हणून मी विचारत नाही फारसं. बरोबर फिरते."

बाई गोड होती आणि चिवट होती. चाळ बघायला बोलावणं आलं की ही मागं. तिचं एक बारकं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं, ते घरात पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत चालू. भाऊ म्हणायचे, "आवो ताई, आता चहाच चाललाय, बंद करा की." ती म्हणायची, "असू द्या काका." कधी मुद्दाम चुकीचं बोलायची. "म्हणजे वरचा कांदा आधी नासतो, असंच ना?" भाऊ न राहवून म्हणायचे, "वरचा कसा नासंल? बुडचा!" आणि मग जीभ चावायचे, कारण एक सांगितलं की बाई त्याच्या मागचं दुसरं काढायची. कधी म्हणायची, तुमचं चुकलं होतं असा एखादा प्रसंग सांगा. भाऊंनी वडिलांच्या काळातला एक जुना, घासून गुळगुळीत केलेला किस्सा सांगितला. "अलीकडचा?" तिनं विचारलं. भाऊ म्हणाले, "अलीकडं चुकलो न्हाई." खरंच चुकले नव्हते, आणि तेच सांगताना त्यांना मान खाली घालावी लागली.

मग एक दिवस ती तीन कापडी पिशव्या घेऊन त्यांच्या ओसरीवर आली. प्रत्येकीत एक कांदा, तोंडं सैल बांधलेली. "दोन सारखे आहेत, एक वेगळा. हात लावायचा नाही, फक्त वास घ्यायचा. वेगळा कोणता, आणि कसा वेगळा ते सांगायचं. माणूस तीन वस्तूंत फरक करताना जे शब्द वापरतो ना काका, ते त्याचे खरे शब्द असतात."

बन्सीभाऊंच्या पाचावर धारण बसली. नाही म्हणावं तर कारण काय सांगावं? त्यांनी एकेक पिशवी हुंगली, डोळे मिटले, वेळ काढला, ताईंच्या चेहऱ्याकडे चोरून पाहिलं. तो चेहरा कोऱ्या पाटीसारखा. शेवटी मधली उचलून म्हणाले, "ही. हिला जरा कुबट वास मारतोय."

"बरं," ती म्हणाली. आणखी काही पिशव्या झाल्या, त्यालाही ती "बरं" एवढंच म्हणाली. सामान डिकीत टाकून, भाऊंच्या बायकोला, कडूबाईंना, "येते हं काकू" म्हणून निघून गेली. भाऊंनी निःश्वास सोडला. निभावलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली आणि म्हणाली, जरा बांधापर्यंत जाऊ. लिंबाखाली बसल्यावर तिनं यंत्र पिशवीतून काढलं, त्यांना दिसेल असं बंद केलं आणि परत ठेवून दिलं.

"काका, पहिला प्रश्न मी सोपा ठेवते, माणूस मोकळा व्हावा म्हणून. काल उजवीकडच्या पिशवीतला कांदा पार सडलेला होता. माझ्या डिकीला अजून घाण येतेय. तुम्ही तो नाकाशी धरलात आणि तुमच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही." ती थांबली. "कधीपासून?"

भाऊ भडकले. "म्हातारपनी माझी अब्रू घ्यायला आलात व्हय तुमी? कुनी लावून दिलं तुमाला? हनुमंतानं?" बरंच बोलले. ती मध्ये पडली नाही, उठूनही गेली नाही. बोलणं संपलं तसे ते बांधावरची काडी मोडत बसले.

"करोना झाल्ता तवापासनं," ते म्हणाले. "मला काय बी येत न्हाई, ताई. मी लबाडी करतो. बाया बोलत्यात त्याच्यावर सांगतो."

"ते मला ठाऊक आहे. सगळं यंत्रात आहे." ती म्हणाली. "प्रत्येक घरात तुमचा चहा संपतो तेव्हाच तुमचं ठरलेलं असतं. चाळीपाशी तुम्ही फक्त आत हात घालून ऊब बघता, खात्री करायला. पण काका, तुम्ही कांद्याविषयी एकदाही विचारत नाही. शेळी कुठं बांधता, अंगण कुठून झाडायला घेता, धुणं कुठं वाळत घालता, हेच विचारता. का?"

भाऊंना यावर कधी विचारच करावा लागला नव्हता. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कांद्याचं इचारलं तर बाई म्हनती, मला काय ठावं, मालकाला इचारा. शेळीचं इचारलं तर सांगती. शेळी तिची असती ना."

ग्रेसताईंचा हात यंत्राकडे गेला होता, तो त्यांनी मागं घेतला.

"हे लिहिण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "नाक कुणाला शिकवता येत नाही. हे येईल. पण तुमचं नाक असं असं हुंगतं, हे मी लिहून देणार नाही. पोरं फटीला नाक लावून बसतील आणि लोकांचा माल सडेल. आणि तुमची परवानगी नसेल तर हे दुसरंही लिहिणार नाही. कंपनीला सांगेन, मला जमलं नाही."

"ताई, बायांना इचारून सांगतो असं कळल्यावर मला कोन बोलवील? ज्याच्या त्याच्या घरात बाई हायच की. तिलाच इचारतील."

"विचारतील?"

भाऊंना हसू आलं, आणि लगेच ते हसू मावळलं. पण एवढ्यानं मन तयार होत नाही. आयुष्यभर कमावलेली एक गोष्ट, ती आपल्याच हातानं चव्हाट्यावर मांडायची? चारच दिवसांवर गोजरबाई नावाच्या शेतकरणीच्या वस्तीवर हनुमंतानं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. गावोगावची पोरं येणार, मोबाईलवर चित्रीकरण होणार. भाऊ म्हणाले, "बघू." ताईंनी पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं, असं भाऊंना वाटत राहिलं; भांडायला तरी माणूस मिळालं असतं.

त्या दिवशी वस्तीवर लग्नघरासारखी गर्दी. गोजरबाईंचा नवरा ज्ञानेश्वर नवी टोपी घालून चाळीपुढं उभा. हनुमंतानं छोटंसं भाषण ठोकलं, त्यात 'नाक' हा शब्द इतक्यांदा आला की पोरं खुदखुदू लागली. ग्रेसताई मागं, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. बन्सीभाऊंनी टोपी काढली. सवयीनं बसले, फटीला नाक लावलं, डोळे मिटले. मागं मोबाईल वर झाले. आत गेला तो नुसता वारा. त्यांना एकाएकी त्या पोरांची दया आली. त्यातला एखादा उद्या असाच बसेल, काहीतरी येतंय असं स्वतःला पटवेल, आणि घरच्यांना सांगेल, राहू द्या.

ते उठून उभे राहिले.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "लई दिवस झालं. करोनात गेला तो गेलाच. हनुमंता, तू नाक नाक करतोस, ते नाक न्हाई आता."

कुणीतरी हसलं. हनुमंताचा चेहरा पडला. "भाऊ, चेष्टा करताय का?" त्यानं हळूच विचारलं. ज्ञानेश्वर तर चिडलाच. "मंग गेल्या साली माझ्या चाळीचं कशावर सांगितलं?"

भाऊ सरळ ओट्यापाशी गेले आणि दारात पदर सावरून उभ्या असलेल्या गोजरबाईंसमोर खाली बसले. "गोजरबाई, शेळ्या कुठं बांधताय आताशा?"

गोजरबाई एवढ्या माणसांना बघून बुजल्या होत्या. पण शेळीचा विषय निघाला तशा मोकळ्या झाल्या. "कोपऱ्यावर बांधीत हुते भाऊ, बाभळीकडं. आता न्हाई बांधत."

"का वं?"

"ऱ्हात न्हाईत तिथं. दावं तोडू बघत्यात. सकाळी झाडाया गेलं की माझं बी डोकं उठतं तिथं. पावसाची झड आत येती ना त्या अंगानं."

"कवाधरनं डोकं उठतंय?"

"पोळ्याच्या आधीपासनं."

भाऊ उठले, बाभळीकडच्या कोपऱ्याला गेले, फटीतून खोलवर हात घातला आणि पोरांना बोलावलं. एकेकाला हात घालायला लावला. आत ऊब होती. पट्ट्या काढल्या तेव्हा बुडाचा थर काळा पडून चिकट झालेला निघाला. फार नव्हता, वेळेत सापडला होता.

ज्ञानेश्वर बायकोकडे वळला. "आन मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं हुतं की," गोजरबाई म्हणाल्या. "तुमी म्हनला, बन्सीभाऊ येऊ द्या."

या वेळी मात्र सगळेच हसले. ज्ञानेश्वरही हसला, जरा उशिरानं. हनुमंत हसला नाही. त्याचं अख्खं भाषण वाया गेलं होतं आणि या गोष्टीचं प्रशिक्षण कोणत्या तोंडानं ठेवायचं, ते त्याला कळत नव्हतं. ग्रेसताईंनी दुरूनच यंत्र वर करून दाखवलं आणि मानेनंच विचारलं, लिहू का? भाऊंनी मान हलवून होकार दिला. परतताना त्यांच्याबरोबर नेहमीसारखा घोळका नव्हता. कुणी गाडीवर बसा म्हणालं नाही. लोक रागावले होते, की काय बोलावं ते सुचत नव्हतं, कोण जाणे. भाऊ पायीच निघाले. हलकं वाटेल अशी त्यांची समजूत होती, पण तसं काही वाटेना. उघडं वाटत होतं.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. कडूबाई ओसरीवर सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. भाऊ त्यांच्याशेजारी भिंतीला टेकले.

"कळलं का?"

"कळलं. गोजरबाईचा फोन आल्ता."

"तुला आधी सांगाया पायजे हुतं."

"मला काय सांगायचं त्यात? मला ठावं न्हाई व्हय?"

भाऊंनी वळून पाहिलं. बाईचे हात चालूच होते.

"कवापासनं?"

"तवाच. तुमचा ताप उतरल्यावर. शेगडीची नळी गळत हुती, साऱ्या घरात गॅसचा वास. मी मागच्या दारानं आत आले तर तुमी शेगडीशेजारी बसून बिडी तोंडात धरलेली, हातात काडी. मी काडेपेटी हिसकून घेतली, ती वाड्याबाहेर फेकली."

भाऊंना तो दिवस आठवला. त्यांच्या आठवणीत बाई उगाच खेकसली होती, आणि आजारातून उठलेल्या माणसाशी असं वागतात का, म्हणून ते दोन दिवस रुसले होते.

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी दडवीत हुता. मानूस एवढं जपून दडवतंय, तर आपन कशाला उघडं पाडायचं?"

तालुक्यातल्या किती बायांना भाऊंनी शेळी कुठं बांधता म्हणून विचारलं असेल, त्याची गणती नव्हती. या बाईला कधी काही विचारलं नव्हतं. आता विचारावंसं वाटलं, आणि त्या सवयीनंच त्यांनी विचारलं, अगदी सहज, दुसरीकडं बघत.

"भावाकडं, नेवाशाला, भाऊबीजेला शेवटची कवा गेल्तीस तू?"

कडूबाईंचे हात थांबले.

"एस्टी लागती म्हनत हुतीस," भाऊ म्हणाले.

"मला कवा एस्टी लागली?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा शेंगा फोडू लागल्या. "घरात तुमी एकलं, आन ती शेगडी. राती नळी गळली तर कळनार कुनाला? भावाचं काय, तो फोनवर बोलतोच की."

बन्सीभाऊंना रडू आलं. चाळीपाशी, एवढ्या लोकांत आलं नव्हतं. त्यांनी टोपीनं डोळे पुसले, उठून आत गेले आणि सिलिंडरपुढं बसले. "हे वरचं बटन फिरवलं की बंद का?" त्यांनी आतूनच विचारलं.

"उजवीकडं. पार शेवटपतूर."

"मंग यंदा तू जा. मी रोज बंद करीन."

"आन इसरलात तर?"

"तर तिथनं फोन करून इचार मला," भाऊ म्हणाले. "रोज इचार."

कडूबाईंनी सूप बाजूला सारलं आणि भावाचा नंबर लावायला मोबाईल शोधू लागल्या.